पास कुणाचा, झेल कुणाचा: क्वार्टरबॅक आणि रिसीव्हरला आकड्यांवरून न्याय कसा द्यायचा

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये एकाच हंगामात सर्वाधिक यार्ड मिळवणाऱ्या रिसीव्हरांची यादी काढली, तर पहिल्या दोन ओळींत कॅल्विन जॉन्सन आणि कूपर कप ही नावं दिसतात. जॉन्सन: डेट्रॉइट लायन्स, २०१२, १९६४ यार्ड. कप: लॉस अँजेलिस रॅम्स, २०२१, १९४७ यार्ड. मध्ये नऊ वर्षं, संघ वेगळे, प्रशिक्षक वेगळे, खेळाडूही अगदी वेगळ्या घडणीचे. पण दोघांकडे चेंडू फेकणारा माणूस एकच होता, मॅथ्यू स्टॅफर्ड. २०२३ मध्ये पुका नकुआने पदार्पणाच्याच हंगामात १४८६ यार्डांचा नवा विक्रम केला, त्या हंगामातही त्याचा मुख्य क्वार्टरबॅक स्टॅफर्डच.

मग स्टॅफर्डने या तिघांना मोठं केलं, की या तिघांनी स्टॅफर्डला? अमेरिकन फुटबॉलच्या आकड्यांतला सगळा घोळ या एका प्रश्नात आहे. क्रिकेटमध्ये फलंदाजाने मारलेल्या धावा त्याच्या एकट्याच्या नावावर लागतात. इथे ४० यार्डांचा पास झाला, की तेच ४० यार्ड क्वार्टरबॅकच्या नावावर चढतात आणि तेच रिसीव्हरच्याही. ज्या पाच धिप्पाड गड्यांनी तीन सेकंद बचावफळी अडवून धरली आणि ज्या प्रशिक्षकाने ती चाल कागदावर आखली, त्यांच्या नावावर मात्र काहीच नाही. म्हणून या खेळात कुठलाही आकडा हाती आला, की आधी विचारायचं: यात आणखी कुणाकुणाचा वाटा आहे? पुढच्या सगळ्या पायऱ्या तो वाटा सोलून काढण्याच्या आहेत.

खेळ नवा असेल तर एवढं पुरे: क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर झेलतो. फेकलेला प्रत्येक पास हा 'प्रयत्न', झेलला गेला तर 'पूर्ण'. ज्याच्या दिशेने फेकला त्याच्या नावावर एक 'टार्गेट'. प्रतिस्पर्ध्याने पकडला तर इंटरसेप्शन. फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला खाली पाडलं तर सॅक. दहा यार्ड पुढे सरकायला संघाला चार संधी मिळतात, त्यातली प्रत्येक संधी म्हणजे 'डाउन'; तीनांत जमलं नाही तर चौथ्या डाउनला सहसा चेंडू लाथाडून प्रतिस्पर्ध्याला देतात. चेंडू मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवला की टचडाउन.

पायरी १: आधी प्रश्न नीट करा

'कोण भारी?' या एका वाक्यात तीन प्रश्न दडलेले असतात. त्या हंगामात संघाला जास्त उपयोग कुणाचा झाला? अंगचं कौशल्य कुणाचं जास्त? आणि पुढच्या वर्षी कोण चांगलं खेळेल? पहिल्यासाठी झालेल्या गोष्टी मोजायच्या, मग त्यात नशीब असलं तरी चालेल. दुसऱ्यासाठी नशीब आणि सोबती वजा करावे लागतात. तिसऱ्यासाठी वय, दुखापती, प्रशिक्षक बदलणार आहे का, हेही आलं. चर्चेत भांडणं होतात ती बहुतेक यामुळेच, की एक जण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो आणि दुसरा दुसऱ्याचं. हा लेख मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

पायरी २: एकूण यार्ड बाजूला ठेवा, भागाकार करा

अमेरिकेत नोकरीला गेलेली आपली बरीच मंडळी ऑफिसातल्या फँटसी लीगमधून या खेळात शिरतात. तिथे गुण मिळतात ते एकूण यार्ड आणि टचडाउनवर, त्यामुळे एकूण आकडा म्हणजेच गुणवत्ता अशी सवय लागते. ती आधी मोडा.

२०१२ चा स्टॅफर्ड घ्या. ४९६७ यार्ड, ऐकायला भव्य. पण त्यासाठी त्याने ७२७ पास फेकले, एका हंगामातला तो विक्रम होता. भागाकार केला तर प्रयत्नामागे ६.८ यार्ड, म्हणजे जेमतेम. एवढे पास का फेकले? कारण लायन्स त्या वर्षी १६ पैकी १२ सामने हरले. मागे पडलेला संघ घड्याळाशी झुंजत फेकत सुटतो. आघाडीवरचा संघ चेंडू घेऊन धावतो आणि वेळ खातो. म्हणजे एकूण यार्डांत पराभवाचाही वाटा असतो.

रिसीव्हरला हाच न्याय. आणि तुलना दोन काळांची असेल तर सामनेही मोजा. जॉन्सनचे १९६४ यार्ड १६ सामन्यांतले, कपचे १९४७ हे १७ सामन्यांतले, कारण २०२१ पासून हंगाम एका सामन्याने वाढला. सामन्यामागे जॉन्सन १२२.८, कप ११४.५. यादीत १७ यार्डांचं दिसणारं अंतर खरं तर बरंच मोठं आहे.

पायरी ३: पासर रेटिंग उकलून बघा

टीव्हीवर सामना चालू असताना क्वार्टरबॅकच्या नावाखाली १०२.९ किंवा ७९.८ असा आकडा झळकतो. तो पासर रेटिंग. एनएफएलने १९७३ मध्ये स्वीकारलेलं हे सूत्र आजही वापरात आहे आणि दिसतं तितकं गूढ नाही. चार तुकडे काढायचे:

पहिला: पूर्ण पास भागिले प्रयत्न, त्यातून ०.३ वजा, गुणिले ५.
दुसरा: यार्ड भागिले प्रयत्न, त्यातून ३ वजा, गुणिले ०.२५.
तिसरा: टचडाउन भागिले प्रयत्न, गुणिले २०.
चौथा: २.३७५ मधून (इंटरसेप्शन भागिले प्रयत्न, गुणिले २५) वजा.

कुठलाही तुकडा शून्याखाली जाऊ द्यायचा नाही आणि २.३७५ च्या वरही नाही. चारांची बेरीज, भागिले ६, गुणिले १००.

२०२१ चा स्टॅफर्ड: ६०१ प्रयत्न, ४०४ पूर्ण, ४८८६ यार्ड, ४१ टचडाउन, १७ इंटरसेप्शन. तुकडे येतात १.८६१, १.२८२, १.३६४ आणि १.६६८. बेरीज ६.१७५, आणि रेटिंग १०२.९. वहीवर एकदा स्वतः करून पाहा. टीव्हीवरच्या आकड्याची भीती कायमची जाते.

आता खरी गंमत. सूत्रातले गुणक एकमेकांशी ताडून पाहिले तर कळतं, की नुसता पास पूर्ण होणं हे सूत्राच्या लेखी २० यार्डांच्या बरोबरीचं आहे, टचडाउन ८० यार्डांचं आणि इंटरसेप्शन उणे १०० यार्डांचं. पूर्ण झालेल्या पासाला वेगळे २० यार्ड बक्षीस कशासाठी? त्याचे यार्ड तर आधीच मोजलेत. याचा परिणाम असा, की तिसऱ्या डाउनला आठ यार्ड हवे असताना दोन यार्डांवरच्या माणसाला चेंडू देऊन टाकणारा क्वार्टरबॅक रेटिंगमध्ये वर जातो आणि त्याच वेळी संघ चेंडू गमावतो. बारा-पंधरा यार्डांवर धोका पत्करून फेकणारा खाली राहतो. आखूड पासांच्या आजच्या जमान्यात ही खोट आणखी बोचते.

एक विचित्र गोष्टही या सूत्रातून निघते. प्रत्येक पास सरळ जमिनीवर आपटला, एकही पूर्ण केला नाही आणि एकही प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला नाही, तरी रेटिंग ३९.६ येतं. एखाद्या सामन्यात ३० च्या रेटिंगचा क्वार्टरबॅक दिसला, की समजा, त्याने चेंडू जमिनीत मारत बसणं जास्त बरं झालं असतं! दुसऱ्या टोकाला कमाल मर्यादा १५८.३, त्यापुढे कितीही छान खेळा, सूत्राला दिसत नाही.

रेटिंग टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. फार वर आणि फार खाली कोण, हे ते बरोबर सांगतं. ९५ आणि ९९ यांत वाद घालण्यासाठी मात्र ते वापरू नये.

पायरी ४: दुरुस्त केलेले यार्ड प्रति प्रयत्न

घरच्या घरी वापरायला मला सगळ्यात आवडतं ते हे: यार्डांत प्रत्येक टचडाउनचे २० मिळवा, प्रत्येक इंटरसेप्शनचे ४५ वजा करा आणि प्रयत्नांनी भागा. पूर्ण झालेल्या पासाला वेगळं बक्षीस नाही, आणि २० व ४५ या किमती मैदानावरच्या खऱ्या नफा-नुकसानीच्या बऱ्याच जवळ जातात.

हे किती फरक पाडतं ते पाहा. २०१९ मध्ये टॅम्पा बेच्या जेमिस विन्स्टनने ५१०९ यार्ड फेकले, लीगमध्ये सर्वाधिक. ६२६ प्रयत्न, म्हणजे प्रयत्नामागे ८.२ यार्ड, २०२१ च्या स्टॅफर्डचे ८.१. साध्या सरासरीने विन्स्टन किंचित वरचढच. पण त्याचे टचडाउन ३३ आणि इंटरसेप्शन तब्बल ३०. दुरुस्ती केली की विन्स्टन ७.०६ वर येतो आणि स्टॅफर्ड ८.२२ वर.

अजून सॅक राहिलाच. वरच्या अंशातून सॅकमध्ये गमावलेले यार्ड वजा करा आणि खाली प्रयत्नांत सॅकची संख्या मिळवा. स्टॅफर्ड २०२१ मध्ये ३० वेळा सॅक झाला, २४३ यार्ड गेले; आकडा ७.४५. विन्स्टन ४७ वेळा, २८२ यार्ड, आकडा ६.१५. सॅक म्हणजे निव्वळ पुढच्या फळीचा, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणाऱ्या त्या पाच गड्यांचा, दोष असं बोलायची पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. चेंडू हातात धरून वाट बघत उभा राहणारा क्वार्टरबॅक कुठल्याही संघात गेला तरी सॅक होतच राहतो. म्हणून हा आकडा क्वार्टरबॅकच्या हिशेबात घ्यावा, फक्त फळी अगदीच मोडकी असेल तर थोडी सूट द्यावी.

पायरी ५: हिशेबात न आलेलं आणि चुकीच्या जागी आलेलं

स्कोअरबोर्डवर काही गोष्टी दिसतच नाहीत. बचावपटूने रिसीव्हरला झेलताना अडवलं तर एनएफएलमध्ये चेंडू अडवल्याच्या जागेवर ठेवतात. म्हणजे चाळीसेक यार्डांचा फायदा होऊ शकतो, पण तो ना क्वार्टरबॅकच्या यार्डांत जातो ना रिसीव्हरच्या. खोलवर पळून बचावपटूंना चुका करायला लावणाऱ्या रिसीव्हरवर इथे सरळ अन्याय होतो.

उलट बाजूने, घड्याळ थांबवायला मुद्दाम जमिनीवर आपटलेला चेंडू हा 'अपूर्ण प्रयत्न' म्हणून लागतो. सॅक टाळायला मैदानाबाहेर भिरकावलेलाही. रिसीव्हरच्या हातातून उसळून प्रतिस्पर्ध्याकडे गेलेला चेंडू क्वार्टरबॅकचं इंटरसेप्शन ठरतो. पूर्वार्धाच्या शेवटच्या सेकंदाला आकाशात भिरकावलेला हताश पास पकडला गेला, तर तेही त्याच्याच माथी. हंगामभरात अशा गोष्टी बऱ्याच अंशी एकमेकींना खातात; दोन-चार सामन्यांवरून मत बनवत असाल तर मात्र तपासून घ्या.

सुटलेल्या झेलांचा आकडा मोहक असतो, पण 'सुटला' हे मोजणाऱ्याच्या नजरेवर ठरतं. दोन वेगळ्या ठिकाणचे आकडे जुळत नाहीत. मी तो फक्त टोकाच्या बाबतीत बघतो.

पायरी ६: रिसीव्हरसाठी टार्गेटपासून सुरुवात करा

झेल किती घेतले हे सगळेच सांगतात. किती वेळा चेंडू त्याच्याकडे आला, हे आधी पाहा. १९९२ पासूनच्या हंगामांची टार्गेट प्रो-फुटबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर मोफत मिळतात.

कप २०२१: १९१ टार्गेट, १४५ झेल, म्हणजे ७६ टक्के. जॉन्सन २०१२: २०४ टार्गेट, १२२ झेल, म्हणजे ६० टक्के. इथे थांबलात तर जॉन्सनचे हात ढिले होते असं वाटेल. आता झेलामागे यार्ड काढा: कप १३.४, जॉन्सन १६.१. जॉन्सनकडे चेंडू लांबवर, दोन-दोन बचावपटूंच्या गर्दीत फेकला जाई. कपकडे पुष्कळदा आखूड अंतरावर, मोकळ्या जागेत. वीस यार्डांवरचा पास पाच यार्डांवरच्या पासापेक्षा कमी वेळा पूर्ण होणारच. झेलांची टक्केवारी ही म्हणूनच मुख्यतः अंतराची मोजणी आहे. हातांची परीक्षा तिच्यावरून घेऊ नये.

टार्गेटमागे यार्ड हा जास्त समतोल आकडा: कप १०.२, जॉन्सन ९.६. दोन्ही थोर. तुलनेसाठी २०१९ चा मायकल थॉमस घ्या. १४९ झेलांचा हंगामी विक्रम, १८५ टार्गेट, १७२५ यार्ड, टार्गेटमागे ९.३. झेल विक्रमी, पण प्रत्येक संधीचं मोल जॉन्सनपेक्षा कमी.

पण याही आकड्यात एक खड्डा आहे, आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. टार्गेट ही आयती मिळालेली संधी नसते. ती मोकळं होऊन कमवावी लागते. रिसीव्हर मोकळा झाला म्हणून तर क्वार्टरबॅकने त्याच्याकडे फेकलं. त्यामुळे वर्षभरात फक्त ४० वेळा, तेही अगदी सोप्या परिस्थितीत चेंडू आलेला तिसऱ्या क्रमांकाचा रिसीव्हर टार्गेटमागे यार्डांत झळकू शकतो. म्हणून दोन आकडे जोडीने बघा: टार्गेटमागे यार्ड, आणि संघाच्या एकूण पासांत त्याचा हिस्सा. २०२१ च्या रॅम्सच्या जवळपास एक-तृतीयांश पासांचं लक्ष्य एकटा कप होता. अख्खी बचावफळी त्याच्यावर डोळा ठेवून असताना दहाच्या वर सरासरी राखली, हे जास्त बोलकं आहे. पासाच्या चालीत रिसीव्हर चेंडूसाठी किती वेळा धावला (चेंडू त्याच्याकडे आला असो वा नसो) याचा आकडा मिळाला, तर अशा प्रत्येक धावेमागे यार्ड काढा. मोकळं होण्याचं कौशल्य त्यात आपोआप येतं. रिसीव्हरसाठी एकच आकडा निवडायचा झाला तर मी तो घेईन.

पायरी ७: पासाचे दोन तुकडे करा

चेंडू हवेत किती गेला आणि झेलल्यानंतर रिसीव्हर किती धावला, हे आता वेगळं मोजतात. मागे उभ्या माणसाला हळूच दिलेला चेंडू तो घेऊन ५० यार्ड पळाला, तर क्वार्टरबॅकच्या खात्यात ५० यार्ड जमा होतात, हवेतलं अंतर शून्य किंवा उणे असताना. सगळं श्रेय धावणाऱ्याचंच असंही नाही: धावत्या माणसाच्या पावलात पाऊल मिळवून, थांबावं न लागता चेंडू देणं हे क्वार्टरबॅकचं कसब आहे, आणि बाजूला जागा मोकळी करून देणारी चाल हे प्रशिक्षकाचं. तरीही ज्याचे निम्म्याहून जास्त यार्ड झेलानंतरचे आहेत, त्याच्या सरासरीकडे थोड्या संशयाने बघावं.

खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप बसवल्यापासून लीग दर सेकंदाला दहा वेळा त्यांची जागा टिपते. त्यातून पासाची अवघडता काढता येते: अंतर किती, बचावपटू किती जवळ, क्वार्टरबॅकवर दबाव होता का. एखादा पास पूर्ण होण्याची शक्यता ४५ टक्के होती आणि तो झाला, तर त्याला ५५ चं श्रेय. वर्षभराची गोळाबेरीज म्हणजे 'अपेक्षेपेक्षा जास्त पूर्ण' हा आकडा. नुसत्या टक्केवारीपेक्षा हा कितीतरी प्रामाणिक.

आणि यार्ड सगळे सारखे नसतात. तिसऱ्या डाउनला आठ हवे असताना मिळालेले सहा यार्ड जवळपास वाया; दोन हवे असताना मिळालेले तीन सोन्यासारखे. यावरचा उपाय म्हणजे अपेक्षित गुण: मैदानावरची जागा, डाउन आणि हवं असलेलं अंतर यांवरून पुढे सरासरी किती गुण मिळतात ते काढायचं, आणि प्रत्येक चालीने त्यात किती भर पडली ते मोजायचं. ही कल्पना जुनी आहे. १९७१ मध्ये व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकॉल यांनी ती शोधनिबंधात मांडली, आणि यातला कार्टर स्वतः एनएफएलमध्ये खेळणारा क्वार्टरबॅक होता! आज एनएफएलफास्टआर या मोफत संगणकीय साधनात १९९९ पासूनची प्रत्येक चाल या हिशेबासह मिळते. थोडंफार प्रोग्रामिंग येत असेल तर एका संध्याकाळचं काम.

फक्त हे विसरू नका, की अपेक्षित गुणांचा आकडाही अख्ख्या चालीचा असतो. तो क्वार्टरबॅकच्या नावापुढे छापतात म्हणून तो त्याचा एकट्याचा होत नाही.

पायरी ८: काळ

जो नेमथने १९६७ मध्ये १४ सामन्यांत ४००७ यार्ड फेकले. एका हंगामात चार हजारांपार जाणारा तो पहिला. त्याच हंगामात त्याचे टचडाउन २६ आणि इंटरसेप्शन २८. आज असा क्वार्टरबॅक बाकावर बसेल, पण नेमथ हॉल ऑफ फेममध्ये आहे आणि योग्यच आहे. १९७८ मध्ये नियम बदलले: पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्काबुक्की बंद झाली आणि पुढच्या फळीला हात पसरून अडवायची मुभा मिळाली. तिथून फेकणं सोपं होत गेलं. म्हणून वेगवेगळ्या दशकांतले कच्चे आकडे शेजारी ठेवू नका. त्या वर्षाच्या लीगच्या सरासरीपेक्षा किती वर किंवा खाली, एवढंच ताडा.

पायरी ९: जोडी फोडा

इथे खरी माहिती मिळते. क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर एकत्र असताना कितीही सूत्रं लावली तरी त्यांचा वाटा पुरता वेगळा होत नाही. ते वेगळे झाले की होतो. म्हणून खेळाडूच्या कारकिर्दीत जोडीदार, प्रशिक्षक किंवा संघ बदलल्याच्या जागा शोधा आणि आधी-नंतर बघा.

जॉन्सनपासून सुरू करू. २००८ मध्ये स्टॅफर्ड अजून लीगमध्ये आलाच नव्हता. लायन्स १६ च्या १६ सामने हरले, क्वार्टरबॅक सतत बदलत होते, आणि अशा धर्मशाळेत जॉन्सनने १३३१ यार्ड आणि १२ टचडाउन काढले. त्याला स्टॅफर्डची गरज नव्हती, हे इथेच सिद्ध होतं.

स्टॅफर्डला जॉन्सनची होती का? जॉन्सन २०१५ नंतर निवृत्त झाला. स्टॅफर्डचं रेटिंग २०१६ मध्ये ९३.३, २०१७ मध्ये ९९.३, जॉन्सनच्या विक्रमी २०१२ मध्ये ते ७९.८ होतं. लीगमधला सगळ्यात भीतिदायक रिसीव्हर गेला आणि क्वार्टरबॅकचे आकडे पडले नाहीत. मात्र मधल्या काळात आक्रमणाची सूत्रं सांभाळणारा प्रशिक्षकही बदलला होता आणि पास आखूड, जलद झाले होते. म्हणजे हा पुरावा स्वच्छ नाही.

त्याहून स्वच्छ पुरावा २०२१ च्या अदलाबदलीत आहे. रॅम्सने आपला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ आणि काही ड्राफ्ट पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) लायन्सना देऊन स्टॅफर्डला घेतलं. रॅम्सचा प्रशिक्षक शॉन मॅकव्हे तोच, कप तोच. २०२० मध्ये गॉफच्या हातून कपला १२४ टार्गेटमध्ये ९७४ यार्ड मिळाले होते, टार्गेटमागे ७.९. स्टॅफर्ड आल्यावर १०.२. संघाचा दुरुस्त केलेला आकडा गॉफच्या ६.८२ वरून स्टॅफर्डच्या ८.२२ वर गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रॅम्स सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकले, कप त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तिकडे डेट्रॉइटमध्ये गॉफ २०२१ मध्ये ६.६१ वर. निकाल लागला, गॉफ सामान्य, असं तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी लिहून टाकलं.

पण गॉफची वही पुढे उलटा. २०२४ मध्ये, त्याच डेट्रॉइटमध्ये, ५३९ प्रयत्न, ४६२९ यार्ड, ३७ टचडाउन, १२ इंटरसेप्शन. दुरुस्त आकडा ८.९६, म्हणजे सुपर बोल जिंकणाऱ्या स्टॅफर्डपेक्षाही वर. मध्ये काय बदललं? पुढची फळी भक्कम झाली, अमन-रा सेंट ब्राउनसारखा रिसीव्हर तयार झाला, आणि चाली आखायला बेन जॉन्सन आला. गॉफची सुरुवातही आठवा: २०१६ मध्ये, प्रशिक्षक जेफ फिशरच्या आणि हंगाम संपण्याआधीच त्याला काढल्यावर हंगामी प्रशिक्षकाच्या हाताखाली, प्रयत्नामागे ५.३ यार्ड आणि सातही सामन्यांत हार. पुढच्याच वर्षी मॅकव्हे आल्यावर ८.०. माणूस तोच. परिस्थिती चांगली असेल तर तो तिचा पुरेपूर फायदा उठवतो, बिघडली की बिघडलेली परिस्थिती एकट्याने सावरत नाही, असं त्याच्या आकड्यांवरून मला दिसतं. हे कौशल्यच आहे, फक्त स्टॅफर्डच्या जातीचं नाही.

उलट बाजूचं एक उदाहरण रिसीव्हरांच्या वकिलांसाठी. लॅरी फिट्झजेराल्डने २००८ मध्ये कर्ट वॉर्नरबरोबर १४३१ यार्ड आणि १२ टचडाउन केले. २०१२ मध्ये ॲरिझोनाने हंगामभरात चार क्वार्टरबॅक खेळवले आणि त्याच फिट्झजेराल्डचे यार्ड ७९८ वर आले, टचडाउन ४. २९ वर्षांचा माणूस झेलायला विसरला नव्हता.

पायरी १०: नशिबाचा हिस्सा काढून ठेवा

टचडाउन हा सगळ्यात लहरी आकडा. २०११ मध्ये जॉन्सनचे टचडाउन १६ आणि स्टॅफर्डचे ४१. पुढच्या वर्षी, जॉन्सनने यार्डांचा विक्रम केला त्याच वर्षी, जॉन्सनचे फक्त ५ आणि स्टॅफर्डचे २०. दोघांचं कौशल्य एका उन्हाळ्यात अर्ध्यावर आलं नव्हतं.

साधा हिशेब करून पाहा. एखाद्या क्वार्टरबॅकची खरी पात्रता दर शंभर प्रयत्नांत ४ टचडाउनची असेल, तर ६०० प्रयत्नांत सरासरी २४ होतील. पण निव्वळ योगायोगाने त्यात ५ इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं. म्हणजे १९ आणि २९ टचडाउनवाले दोन क्वार्टरबॅक एकाच पात्रतेचे असू शकतात. १२० टार्गेटवाल्या रिसीव्हरच्या झेल-टक्केवारीत चारेक टक्क्यांचा फरकही असाच पोकळ. म्हणून निदान दोन-तीन हंगाम एकत्र करून बघा, आणि पहिल्या चार आठवड्यांच्या आकड्यांवर पैजा लावू नका.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचं काय? माझा निवाडा असा. जॉन्सन कुठल्याही क्वार्टरबॅकबरोबर थोर ठरला असता, २००८ त्याची साक्ष देतं. कप २०१९ मध्ये गॉफच्या हातूनही ११६१ यार्ड आणि टार्गेटमागे ८.७ वर होता, म्हणजे पहिल्या प्रतीचा; त्यापुढची १९४७ पर्यंतची उडी मात्र बऱ्याच अंशी स्टॅफर्डची आणि मॅकव्हेची. नकुआबद्दल पदार्पणाच्या एका हंगामावरून, तेही बहुतांशी एकाच क्वार्टरबॅकच्या हातून, ठाम बोलायला मी तयार नाही. १६० टार्गेटमागे ९.३ यार्ड उत्तमच, पण जोडी फुटलेली दिसत नाही तोवर त्यातला त्याचा वाटा किती हे पेन्सिलनेच लिहावं. स्टॅफर्डला मी लीगच्या पहिल्या तिघांत धरणार नाही. त्याच्या २०१२ चे ६.३३ आणि २०२१ चे ८.२२ यांच्यामधलं अंतर एकट्या माणसाने कापलेलं नाही. पण दोन संघांत, इतक्या वेगळ्या घडणीच्या रिसीव्हरांना त्यांच्या-त्यांच्या जागी चेंडू पोचवणारे क्वार्टरबॅक लीगमध्ये फार नाहीत, आणि हे त्याच्या रेटिंगच्या कुठल्याच चौकटीत दिसत नाही.